शस्त्राचा न्यास

घरातील जुन्या वस्तूंचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. काही वस्तू उपयोगाच्या म्हणून राहतात. काही, उपयोग सरला तरी टाकवत नाहीत म्हणून राहतात. आजीचा पानाचा डबा, बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ, कोणाही जिवंत माणसास न वाचता येणारी मोडीतील दप्तरे ही सारी दुसऱ्या वर्गातली. त्यांच्याविषयी नीतिशास्त्रास फारसे काही म्हणावयाचे नसते. ठेवल्या तर जागा अडते, विकल्या तर चार दिवस चुटपुट लागते, एवढेच. परंतु ह्याच वर्गात एखादी वस्तू अशी निघते की, तिचा उपयोग सरलेला असला तरी तिची शक्ती सरलेली नसते. घड्याळ बंद पडले म्हणजे खरोखरच बंद पडते. आमच्या कपाटातील रिव्हॉल्व्हर मात्र गेली ऐंशीहून अधिक वर्षे जवळजवळ निरुद्योगी असूनही, पहिल्या दिवशी जे करू शकत होते ते आजही करू शकते.

गेल्या चैत्रात एक गृहस्थ आमच्याकडे आले. बांधकामाची मोठी कंत्राटे घेणारे, बोलण्यात मोकळे, आणि शस्त्राचा परवाना आधीच बाळगणारे. आमच्या कपाटातील वस्तूची वार्ता त्यांच्या कानी कशी गेली कोण जाणे. त्यांनी सरळच विचारले, "सर, तुम्ही ते वापरत नाही. मला हवे आहे. किंमत तुम्ही सांगा." आम्ही किंमत सांगेना, तेव्हा त्यांनीच सांगितली. ती आमच्या चार महिन्यांच्या वेतनाहून अधिक होती. परदेशी शस्त्रांची खाजगी आयात आपल्या देशात कित्येक दशकांपासून जवळजवळ बंद असल्याने जुन्या विलायती मालाचे भाव असे चढलेले आहेत, हे त्यांनीच आम्हांस समजावून सांगितले. आम्ही विचार करण्यास मुदत मागितली. प्रस्तुत लेख हा त्या मुदतीत केलेला विचार होय.

प्रथम वस्तूचा वृत्तांत. हे रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट ह्या कारखान्याचे, ०.३२ इंच व्यासाचे, सहा गोळ्यांचे, बिजागरीपाशी मोडून उघडणारे आहे. आमच्या आजोबांनी ते १९३८ साली, म्हणजे आमच्या वडिलांच्या जन्मवर्षी, मुंबईच्या एका दुकानातून आणविले. आजोबा करवीर दरबारच्या महसूल खात्यात होते आणि गारगोटीकडून वसुलाची रक्कम कोल्हापूरच्या खजिन्यात पोहोचविण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या काळचा तो रस्ता, पावसाळ्यातील दिवस आणि बरोबर एक-दोन शिपाई, हे ध्यानात घेता शस्त्र बाळगण्यास कारण होते. पैसे आजोबांचे, परवानगी दरबारची आणि कारण खजिन्याचे, अशी ह्या खरेदीची तीन अंगे होती. वाचकांनी ही तीन अंगे लक्षात ठेवावी. पुढे त्यांच्यापाशी यावयाचे आहे.

त्या कामात आजोबांनी माणसावर ते एकदाही उगारले नाही. एकदा एका पिसाळलेल्या कुत्र्यावर ते चालविले, एवढाच त्याचा पराक्रम. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, खजिन्याची व्यवस्था पालटली, आणि शस्त्राचे काम संपले. त्यानंतर त्याचा उपयोग म्हणजे खंडेनवमीस पाटावर मांडून हळदकुंकू व झेंडूचे फूल वाहणे.

परंतु विलीनीकरणापूर्वी एक दिवस असा आला की, त्या दिवसामुळेच हे रिव्हॉल्व्हर आमच्या घरात वस्तू न राहता कथा झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. खुनाचे साधनही हातात मावणारे एक पिस्तूलच होते. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण, एवढ्या कारणावरून पुढील दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या भागांत ब्राह्मणांची अनेक घरे जाळण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही त्या आगीतून सुटला नाही. ती जखम आज चाळविण्याचा आमचा हेतू नाही. ती चाळवू नये, असेच आजोबांचे पुढील सारे वर्तन सांगते.

जमाव गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा आजी व मुले परसाची भिंत ओलांडून शेजारच्या मराठा कुटुंबाकडे गेली होती. त्या माउलीने त्यांस आपल्या देवघरात बसवून बाहेरून कडी घातली होती. घरात आजोबा एकटे होते. रिव्हॉल्व्हर हातात होते आणि भरलेले होते. भिंतीच्या फटीतून पाहणाऱ्या दहा वर्षांच्या आमच्या वडिलांनी पुढचे दृश्य आमरण सांगितले. आजोबा ओसरीवर आले, क्षणभर उभे राहिले, मग मागे वळले, परसात आले आणि त्यांनी रिव्हॉल्व्हर विहिरीत टाकून दिले. नंतर तेही भिंत ओलांडून आले. घर जळाले. आजोबांचा ग्रंथसंग्रहही जळाला.

आमच्या थोरल्या काकांनी ह्या गोष्टीबद्दल आजोबांस कधी क्षमा केली नाही. "हवेत एक बार काढला असता तरी ते पळाले असते," असे ते म्हणत. तसे झालेही असते. किंवा न पळता जमाव अधिक चवताळला असता. घडले नाही त्याचा निवाडा कोणी करावा? आजोबांनी स्वतःचे समर्थन कधी केले नाही. वडिलांनी मोठेपणी एकदाच धीर करून विचारले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, "त्या गलक्यात दोन आवाज ओळखीचे होते."

त्याच वर्षी वैशाखात विहिरीचा गाळ काढला आणि रिव्हॉल्व्हर वर आले. आजोबांनी ते का काढविले, ह्याचे उत्तर मात्र काव्यमय नाही. शस्त्र परवान्यावर नोंदलेले होते. ते कोठे आहे हे सरकारास दाखविणे भाग होते. ज्या वस्तूचा त्याग मनाने केला तीच वस्तू कागदाने परत घरात आणली. तीन महिन्यांच्या पाण्याने तिच्या नळीवर व मुठीजवळ गंजाचे बारीक खड्डे पडले ते आजही तसेच आहेत.

हा वृत्तांत ऐकून कोणीही म्हणेल की, मग प्रश्न कसला? असे स्मारक विकावयाचे नसते. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. वडील २०१७ साली वारले, परवाना आमच्या नावे झाला, आणि आम्ही अभिमानाने ते शस्त्र सांभाळू लागलो. शस्त्र बाळगण्याच्या बाजूने आमच्यापाशी आणखीही एक युक्तिवाद होता, आणि तो हलका नव्हे. ३१ जुलै १८५७ रोजी ह्याच कोल्हापुरात २७वी पलटण उठली; चिमासाहेब महाराजांस उचलून कराचीस नेण्यात आले. त्या उठावानंतर सरकारने देशातील हत्यारे काढून घेतली आणि १८७८च्या कायद्याने निःशस्त्रतेस कायमचे रूप दिले. त्या कायद्यात गोऱ्या माणसास परवान्याची गरज नव्हती आणि आपल्या माणसास होती. काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांतच ह्याविरुद्ध तक्रार केली. अहिंसेचे आचार्य गांधीजी, पण त्यांनीही एका सबंध राष्ट्राचे शस्त्र हिरावून घेणे हे इंग्रजी राज्याच्या अपकृत्यांतील अत्यंत काळे कृत्य मानले. तेव्हा ज्या पिढ्यांस शस्त्र नाकारले गेले, त्यांच्या वंशजाने हाती असलेले शस्त्र खुशाल टाकून द्यावे काय?

प्रश्न सोडविण्यास आम्ही आमच्या धंद्याच्या सवयीने ग्रंथांकडे वळलो, आणि दोन भिन्न देशांतील दोन ग्रंथांत हाच प्रश्न एका विलक्षण साम्याने मांडलेला आढळला. दोन्ही ठिकाणी शस्त्र हे न्यास आहे; म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. एक ग्रंथ विचारतो, ठेव जवळ बाळगल्याने बाळगणाऱ्याचे काय होते? दुसरा विचारतो, ती कोणाच्या हाती द्यावी? ठेवावे की विकावे, ह्या आमच्या प्रश्नाचेच हे दोन अर्ध आहेत.

पहिला ग्रंथ म्हणजे वाल्मीकींचे रामायण. अरण्यकांडात सुतीक्ष्णाच्या आश्रमातून निघताना सीता रामास एक गोष्ट सांगते. कोणी एक सत्यनिष्ठ तपस्वी वनात राहत होता. त्याच्या तपाने अस्वस्थ झालेला इंद्र योद्ध्याचे रूप घेऊन आला आणि एक उत्तम खड्ग त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव हरवू नये म्हणून तपस्वी फळेमुळे आणावयास जातानाही ते खड्ग बरोबर नेऊ लागला. नित्य सहवासाने हळूहळू त्याची बुद्धी क्रूर झाली, तप सुटले आणि अखेर तो अधोगतीस गेला. इंद्राने मोहात पाडण्यास अप्सरा पाठविल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. येथे त्याने केवळ एक वस्तू पाठविली, आणि तपस्व्यास पाडले ते त्याच्या दुर्गुणाने नव्हे, तर ठेव सांभाळण्याच्या सद्गुणाने. ह्या कथेची सारी तीक्ष्णता ह्यात आहे.

रामाने सीतेचा उपदेश प्रेमाने ऐकला, पण धनुष्य खाली ठेवले नाही. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, आर्ताचा आक्रोश उठू नये म्हणून क्षत्रिय धनुष्य धरतो; आणि दंडकारण्यातील ऋषींस आपण रक्षणाचे वचन दिलेले आहे. दोघांचेही खरे आहे असे आम्हांस वाटते, कारण दोघे निरनिराळ्या माणसांविषयी बोलत आहेत. रामापाशी शस्त्र आहे आणि वचनही आहे. तपस्व्यापाशी शस्त्र आहे, वचन नाही. ज्या शस्त्रामागे कर्तव्य असते त्याला ते कर्तव्य आवरून धरते. कोठे थांबावयाचे हेही तेच सांगते. ज्यामागे कर्तव्य नसते ते शस्त्र स्वतःसाठी काम शोधू लागते.

हे वाक्य आम्ही ग्रंथाच्या आधारे लिहिलेले नाही. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सांडपाण्याच्या एका नळावरून शेजारच्या गृहस्थांशी आमचा कलह झाला. प्रकरण क्षुल्लक होते. पण त्यांनी आमच्या पत्नीसमोर, चार माणसांदेखत, आमच्या वयास व पेशास न शोभणारे शब्द आम्हांस ऐकविले. आम्ही काही न बोलता घरात आलो. हात थरथरत होते. आणि आम्ही, तीस वर्षे विद्यार्थ्यांस शोकनाट्यांतील क्रोधाचे दुष्परिणाम समजावून सांगणारे आम्ही, सरळ कपाटापाशी जाऊन उभे राहिलो. किल्ली हातात होती. ती केव्हा घेतली हे आठवत नाही. काहीच घडले नाही. पत्नीने स्वयंपाकघरातून चहाचे विचारले, आम्ही हो म्हटले, किल्ली जागेवर गेली. परंतु ते अर्धे मिनिट आम्ही अद्याप विसरलो नाही. आम्ही कोणास मारणार नव्हतो, हे खरे. तथापि, ते तेथे आहे, ह्या जाणिवेने आमच्या अपमानास एक ऊब मिळाली, आणि ती ऊब आम्हांस गोड वाटली. तपस्व्याच्या बुद्धीचा ऱ्हास ह्याहून निराळ्या ठिकाणी सुरू झाला असेल काय?

ह्यावर स्वसंरक्षणाचा मुद्दा निघेल. घरात शस्त्र असले म्हणजे घर सुरक्षित, असे लोक म्हणतात. आमचा अनुभव थोडा गमतीचा आहे. निवडणुकीच्या वेळी परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ साली उन्हाळ्यात लोकसभेची आणि नोव्हेंबरात विधानसभेची, अशा दोन निवडणुका झाल्या व दोन्ही वेळा आमचे रिव्हॉल्व्हर ठाण्यात जाऊन राहिले. त्या दिवसांत आमच्या घरी चोरी झाली नाही. उलट आमची झोप सुधारली. रात्री उठून कपाटाचे कुलूप चाचपण्याची सवय आम्हांस जडली होती, हे ती थांबली तेव्हा कळले. चोरापासून घर राखण्याकरिता जे आणले, त्यालाच चोरापासून राखीत आम्ही जागत होतो.

तर मग विकावे. विक्रीस कायद्याची आडकाठी नाही. परवानाधारकास विकता येते. जिल्हादंडाधिकाऱ्यांस लेखी कळवून ४५ दिवस थांबले म्हणजे झाले. कायदा असेही म्हणतो की, एका माणसाने दोनांहून अधिक शस्त्रे बाळगू नयेत. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा तीनांची होती. आमच्या गिऱ्हाइकापाशी एकच आहे. ते कायद्यात बसतात, किंमत रोख देतात, आणि आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीस ओल आली आहे.

येथे दुसरा ग्रंथ आडवा येतो. प्लेटोच्या रिपब्लिकच्या पहिल्याच भागात वृद्ध केफालस म्हणतो की, खरे बोलावे आणि ज्याचे त्यास परत द्यावे, हा न्याय. सॉक्रेटिस विचारतो: एखाद्या मित्राने शहाणा असताना तुझ्यापाशी शस्त्र ठेवले आणि वेडाच्या भरात परत मागितले, तर द्यावे काय? देऊ नये, हे सर्वांस मान्य होते. ह्या केफालसाच्या घरचा ढालींचा कारखाना होता. शस्त्रास्त्रांच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या घरात हा प्रश्न विचारला गेला, ह्यात प्लेटोने काही सुचविले असावे असे आम्हांस नेहमी वाटते. शस्त्राचा मालक कोण, एवढ्यावर ते कोणाच्या हाती द्यावे हे ठरत नाही. ज्या हाती जाणार त्या मनाची स्थिती पाहावी लागते, हा त्या प्रश्नाचा अर्थ.

आम्ही गिऱ्हाइकास विचारले, "आपल्याला हे कशासाठी हवे?" ते हसून म्हणाले, "सर, अहो कमरेला विलायती असले म्हणजे समोरचा नीट बोलतो." उत्तर प्रामाणिक होते. आमच्या त्या अर्ध्या मिनिटातील भावनेचे ह्याहून स्वच्छ वर्णन आम्हांसही करता आले नसते. मग त्यांनी शस्त्र उलटसुलट करून पाहिले, गंजाच्या खड्ड्यांवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "एवढा एक डाग आहे. पण काही नाही, घासून नवा मुलामा दिला की कळणारसुद्धा नाही." तेथेच विक्रीचा प्रश्न आमच्यापुरता संपला. त्या वस्तूवर आजोबांचे जे एकमेव अक्षर उमटले होते, ते त्यांच्या दृष्टीने डाग होते आणि किंमत कमी करणारे होते. त्यांचे चुकले नाही. शस्त्र म्हणून पाहिले तर तो डागच आहे.

कोणी म्हणेल, पैसे घ्यावे आणि सत्कार्यास द्यावे. पण पैशाचा सद्व्यय झाला तरी त्याने शस्त्र ज्या हातात जाते तो हात बदलत नाही. कोणी म्हणेल, शस्त्राविषयी एवढा तिटकारा कोल्हापुरास शोभत नाही. तिटकारा आम्हांस नाही. ह्याच शहराने तेजस्विनी सावंत दिली, जिने २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळविले. राही सरनोबत दिली, जिने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. आणि ह्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे ह्याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळविले. त्यांच्या हाती शस्त्र शोभते, कारण तेथे वर्षानुवर्षांची साधना आहे, श्वासावरचा ताबा आहे, आणि लक्ष्य कागदाचे आहे. सैनिकाच्या व पोलिसाच्या हाती ते शोभते, कारण तेथे वचन आहे. आमच्यापाशी साधना नाही आणि वचनही नाही. फक्त किल्ली आहे. खंडेनवमीचा मूळ आचार तरी काय सांगतो? ज्याने त्याने आपापल्या व्यवसायाची साधने पुजावी. आमच्या पाटावर ग्रंथ व लेखणी असावयास पाहिजे. तेथे इतकी वर्षे आम्ही दुसऱ्याच्या व्यवसायाचे साधन मांडीत आलो.

राहिला स्मारकाचा मुद्दा, आणि तोच आम्हांस सर्वांत अवघड गेला. हे शस्त्र गेले तर १९४८चा तो क्षणही जाईल, असे भय वाटे. परंतु अधिक विचार करता ध्यानात आले की, आम्ही ज्या गोष्टीचे स्मारक जपत होतो ती गोष्ट म्हणजे शस्त्र टाकणे ही होती. आजोबांचा मोठेपणा रिव्हॉल्व्हरमध्ये कधीच नव्हता. तो ओसरी ते विहीर ह्या वीस पावलांत होता. रिव्हॉल्व्हर आम्हांस वारशाने मिळाले, ती वीस पावले मिळाली नाहीत. संयम वारसाहक्काने नावे करून देण्याची तरतूद कोणत्याही नियमात नाही. आणि किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या मिनिटात आम्ही कोणाचे नातू होतो, हे आम्हांस आठवलेही नव्हते.

येथे प्लेटोच्या प्रश्नाचा एक अर्थ आम्हांस नव्याने कळला. आजवर आम्ही शिकविताना तो वेडा मित्र म्हणजे दुसरा कोणी, असेच गृहीत धरीत आलो. पण घरात शस्त्र ठेवणारा प्रत्येक मनुष्य ते उद्याच्या स्वतःपाशीच ठेव म्हणून ठेवीत असतो. आजचा मी शहाणा आहे. उद्याचा मी अपमानित असेन, शोकाकुल असेन, जराजर्जर असेन, तेव्हाही त्याला किल्ली सापडणारच आहे. आमची कन्या पुण्यास डॉक्टर आहे. तिच्याशी बोलताना आम्ही हा विचार मोठ्या गंभीरपणे मांडला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे आम्हांला पहिल्या वर्षांतच कळते. जीव द्यायला निघालेला माणूस पुष्कळदा थोड्या वेळाने त्यातून बाहेर येतो. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे, यावर सगळे असते." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुमच्यानंतर तो परवाना मला नको. पण पणजोबांनी ते विहिरीत टाकले, हे नीट लिहून ठेवा. काका सांगत ते एक आणि आजोबा सांगत ते दुसरे, असे नको."

हे शस्त्र एखाद्या संग्रहालयास द्यावे, असेही मनात येऊन गेले. नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे मांडलेली आहेत, आणि काचेपलीकडच्या शस्त्रापर्यंत कोणा संतप्त मनुष्याचा हात पोहोचत नाही, हा संग्रहालयाचा मोठा गुण होय. परंतु १९३८ सालचे, कारखान्यात निघालेल्या अनेकांपैकी एक असे हे रिव्हॉल्व्हर इतिहासाच्या दृष्टीने काही दुर्मिळ नव्हे. आमच्या घरच्या आठवणीस नगराचा इतिहास समजणे हा अहंकारच झाला असता.

शेवटी आम्ही त्या तीन अंगांपाशी परत आलो. पैसे आजोबांचे, परवानगी दरबारची, कारण खजिन्याचे. पैसे केव्हाच वसूल झाले. कारण १९४९ साली संपले. उरली ती परवानगी. म्हणजे, रक्षणाचे कर्तव्य ज्याच्याकडे आहे त्याने विशिष्ट कामापुरता टाकलेला विश्वास. काम संपल्यावर ठेव ज्याची त्यास परत करावी, हा केफालसाचा नियम येथे कोणत्याही अपवादावाचून लागू पडतो. दरबार राहिला नाही. त्याच्या कर्तव्याचा वारस जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत आहे. तेव्हा शस्त्र ठेवावयाचे नाही, विकावयाचेही नाही. परवान्यासह सरकारजमा करावयाचे, असे आम्ही ठरविले.

हा निर्णय म्हणजे पळवाट, असे आमच्या एका स्नेह्यांनी म्हटले. ठेवण्याची जबाबदारी नको आणि विकण्याचा दोष नको, म्हणून दोन्ही सरकारच्या माथी मारली, असा त्यांचा आक्षेप. त्यात थोडे तथ्य असेल. सरकारचे हातही नेहमी निर्मळ असतात असे कोण म्हणेल? परंतु त्या हातांस जाब विचारण्याची काही सोय तरी आहे. आमच्या त्या अर्ध्या मिनिटास जाब विचारणारे तेथे कोणीही नव्हते. शिवाय ह्या पळवाटेस चार महिन्यांच्या वेतनाएवढी किंमत पडली आहे, आणि पश्चिमेची भिंत अद्याप ओली आहे.

अज्ञातवासास निघताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली आणि वर्षाने ती काढून घेतली, ही कथा दर दसऱ्यास आपण स्मरतो. दसरा चौकात शमीपूजन होते, सोने लुटले जाते. शमीवर शस्त्र ठेवणारा ते घ्यावयास परत येणार असतो. त्याचे काम बाकी असते. आजोबांनी विहिरीत टाकले ते परत घेण्यासाठी नव्हे. ते परत आले, कारण कागद तसा होता. आता तो कागदही देऊन टाकावयाचा आहे.

अर्ज गेल्या सोमवारी दिला. कारण लिहिण्याच्या रकान्यात काय लिहावे, असा क्षणभर प्रश्न पडला. मग "आवश्यकता नाही" असे लिहून खाली सही केली.